सीडी3 जरा जास्त आहे

करोनानंतर आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'इम्युनिटी वाढवा'ची जी साथ आली, ती अजून ओसरलेली नाही. मध्यंतरी सांगलीच्या काकांनी कसल्याशा मशरूमच्या कॅप्सूलची जाहिरात टाकली. 'एनके पेशी वाढवा, कॅन्सर रोखा.' खाली विचारलं होतं, 'हेच ना गं तुझं काम?' काम एनके, म्हणजे 'नॅचरल किलर' नावाच्या पांढऱ्या पेशींचंच आहे. पण त्यातला निम्म्याहून अधिक वेळ काहीतरी काढून टाकण्यात जातो, हे काकांना कसं सांगावं कळेना. एका शुक्रवारची तर सगळी रात्र त्यातच गेली.

मी अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका रुग्णालयात सेल प्रोसेसिंग लॅबमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे. पेशंट आम्हाला दिसत नाही. दिसतो तो लेबलवरचा नंबर, रक्तगट आणि वजन. त्या शुक्रवारचा पेशंट सत्तरीकडे झुकलेला. आजार एएमएल, म्हणजे अस्थिमज्जेत सुरू होऊन झपाट्याने वाढणारा रक्ताचा कॅन्सर, आणि तोही केमोनंतर उलटलेला. दाता त्याची मुलगी. पोटच्या पोरांचं एचएलए, म्हणजे पेशींवरची आपलं-परकं ओळखायची खूण, आईबापांशी निम्मंच जुळतं. एनके पेशींना ते चालतं, कधी कधी तर पथ्यावरच पडतं.

टी पेशी, म्हणजे पांढऱ्या पेशींचाच दुसरा प्रकार, एखाद्या पेशीवर परकं काही दिसलं की मारते. एनके पेशीचं उलटं आहे. जे असायला हवं ते, म्हणजे आपलं एचएलए, दिसलं नाही, की ती मारते. ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कॅन्सरच्या, काही पेशी टी पेशींच्या नजरेतून सुटायला अंगावरचं एचएलए कमी करतात आणि नेमक्या इथे सापडतात. 1975 मध्ये स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का इन्स्टिट्यूटमध्ये या पेशींना नाव मिळालं. कसलीही लस न टोचलेल्या उंदरांच्या प्लीहेतल्या पेशी ल्युकेमियाच्या पेशी मारताना दिसत होत्या. त्याआधी असं काही दिसलं की प्रयोगातली गडबड म्हणून लोक सोडून देत. 'असायला हवं ते नाही' हे कोडं त्याच संस्थेतल्या क्लास कॅरे यांनी पुढच्या दहा-बारा वर्षांत उलगडलं.

दुपारी दोनच्या सुमारास मुलीची अफेरेसिसची, म्हणजे यंत्राने रक्तातून वेगळ्या काढलेल्या पेशींची, पिशवी आली. कोकमाच्या आगळासारखा गडद रंग, आत हजारेक कोटी पांढऱ्या पेशी. त्यात एनके फार तर दहा टक्के, टी पेशी मात्र भरपूर. मुलीच्या टी पेशी बापाच्या अंगात गेल्या तर त्याची त्वचा, यकृत, आतडी, सगळ्यांवर तुटून पडू शकतात. म्हणून आधी टी पेशींवरच्या सीडी3 या खुणेला चिकटणारे लोहकण घालायचे, चुंबकाच्या कॉलममधून सगळं सोडायचं आणि टी पेशी तिथे अडकवायच्या. मग तसंच एनकेंवरच्या सीडी56 या खुणेवर, पण या वेळी अडकलेल्या पेशी ठेवायच्या. हे सगळं उरकायला रात्रीचे आठ वाजले. नऊला फ्लो सायटोमीटरच्या, म्हणजे एकेका पेशीवरच्या खुणा मोजणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर ठिपके उमटले. वरच्या डाव्या चौकोनात एनकेंचा दाट पुंजका, बघूनच बरं वाटलं. पण उजवीकडे, जिथे काही नको, तिथेही ठिपके होते. सीडी3 आणि सीडी56 दोन्ही असलेल्या काही टी पेशी असतात. या मुलीत त्या जरा सढळ असाव्यात. दोन्ही गाळण्यांतून त्या खुशाल आल्या होत्या.

आकडेमोड दोनदा केली, सहकाऱ्याकडून तपासून घेतली आणि डॉक्टरांना फोन लावला.

"सीडी3 जरा जास्त आहे."

"जरा म्हणजे?"

"सगळ्या पेशी दिल्या तर किलोमागे मर्यादेच्या दीडपट."

"परत कॉलमवरून काढलं तर?"

"तीन तास जातील. एनकेसुद्धा निदान एक तृतीयांश जातील."

पलीकडे शांतता. उद्यावर ढकलायची सोय नव्हती. पेशंटला फ्लुडाराबिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही केमोची औषधं देऊन त्याच्या स्वतःच्या लिम्फोसाइट, म्हणजे टी पेशींसारख्या पांढऱ्या पेशी, आधीच झोपवल्या होत्या. ते केलं नाही तर त्याच्याच टी पेशी मुलीच्या पेशींना चार दिवस टिकू देत नाहीत. तयार पेशी फ्रीझरमध्ये ठेवाव्यात म्हटलं तर एनके तिथे रुसतात. बाहेर काढल्यावर जिवंत दिसतात, पण मारायची धार गेलेली असते.

"तसंही तिसरा हिस्सा जाणारच असेल तर मशीनवर कशाला घालायच्या? दोन तृतीयांशच द्या. टी पेशी मर्यादेत बसतील," डॉक्टर म्हणाले. मला ते पटलं. परत कॉलमवर घातल्या असत्या तर उरल्या असत्या त्याही दमलेल्याच. बॅच रेकॉर्डवर निर्णय, वेळ, दोघांच्या सह्या. आमच्याकडे कागदावर नाही ते घडलंच नाही.

रात्री दहाच्या पुढे इंटरल्युकिन 12, 15 आणि 18 ही पेशींना चेतवणारी प्रथिनं घालून पेशी 37 अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये ठेवल्या. खरं 'बूस्टिंग' म्हणाल तर ते एवढंच, बारा ते सोळा तासांचं. ही रीत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीची. या तिघांची चव एकदा घेतलेल्या एनके पेशी पुढचे कित्येक आठवडे ती आठवण ठेवून जास्त जोरात भिडतात. 2016 मध्ये त्यांनी छापलेल्या पहिल्या निकालात, परिणाम तपासता आला अशा एएमएलच्या नऊ रुग्णांपैकी पाच जणांना गुण आला होता, त्यातल्या चौघांच्या मज्जेतून आजार पूर्ण हटला होता. आकडे लहान आहेत, पण ते रुग्णही इतर उपाय थकलेलेच होते.

सकाळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर रात्रीच्या सुट्या, गोल पेशी अंगाने भरल्या होत्या आणि एकमेकींना चिकटून त्यांचे घोस झाले होते. मग पुन्हा काढायचंच काम: इंटरल्युकिन धुऊन टाकायची, कारण 12 आणि 18 थेट रक्तात गेलेली परवडत नाहीत. जिवाणूंसाठीचा ग्रॅम स्टेन निगेटिव्ह, त्यांचं विष एंडोटॉक्सिन मर्यादेत, जिवंत पेशी नव्वद टक्क्यांच्या वर. निर्जंतुकतेच्या कल्चरचा अंतिम अहवाल मात्र चौदा दिवसांनी येतो, तोवर पेशी केव्हाच रुग्णाच्या अंगात. याची मला अजून सवय झालेली नाही. दुपारी बाराच्या सुमारास पिशवी वर वॉर्डात गेली.

उरलेला तिसरा हिस्सा नियमाप्रमाणे संशोधनाच्या लॅबला दिला. घरी जाऊन झोपायचं सोडून मीही तिथे बसले. समोर के562 पेशी होत्या. 1970 मध्ये एका 53 वर्षांच्या बाईच्या फुप्फुसाभोवतालच्या पाण्यातून मिळालेल्या या ल्युकेमियाच्या पेशी आजही जगभर वाढवल्या जातात. त्यांच्यावर एचएलए जवळजवळ नसतंच, म्हणून एनकेंची परीक्षा यांच्यावरच. पोटात हिरवा रंग भरलेली एक के562 पडद्यावर धरून ठेवली. एक एनके आली, बाजूला टेकली, तिथेच राहिली. काही मिनिटांनी के562च्या कडेला फुगे आले आणि हिरवा रंग एकाएकी गेला. एनके सुटी होऊन पुढे गेली.

आठव्या दिवशीचं रक्त माझ्याकडेच आलं. मुलीच्या एचएलएला चिकटणारी, बापाच्या नाही, अशी अँटीबॉडी घालून फ्लो लावला. एनकेंच्या पुंजक्यातल्या जवळपास सगळ्या पेशी मुलीच्या होत्या. बापाच्या रक्तात आधी जागा रिकामी करून ठेवली होती, तिथे त्या वाढल्या होत्या. डॉक्टर वरून इंटरल्युकिन 2ची इंजेक्शनं देतच होते. शुक्रवारी रात्री ज्या एक तृतीयांशासाठी माझा जीव खालीवर झाला, त्याची उणीव मला तरी त्या चित्रात कुठे दिसली नाही.

अठ्ठाविसाव्या दिवसाच्या मज्जेत ब्लास्ट, म्हणजे ल्युकेमियाच्या कच्च्या पेशी, पाच टक्क्यांच्या खाली आले. नुसत्या एनकेंवर हे फार काळ टिकेल असा भरवसा कोणी देत नाही, म्हणून लगेच अस्थिमज्जेचा ट्रान्सप्लांट ठरला. दाता तीच मुलगी. या वेळी नवी मज्जा रुजायला आणि उरलासुरला आजार मारायला टी पेशी हव्याच होत्या. पेशी दिल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फामाइड देऊन त्यांना आवर घालतात. ऑर्डरवर डॉक्टरांनी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'सीडी3 काढू नये', आणि त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.