पद्मिनीच्या इंजिनातला ठोका आणि वाया गेलेले 27 दिवस

आमची प्रीमियर पद्मिनी 1984 ची आहे. मार्चअखेरीस धुळ्याहून निघून लळिंगचा चढ ओलांडल्यावर पाणी प्यायला थांबलो, इंजिन चालूच ठेवले होते, आणि बॉनेटखालून कोणी लहान हातोडीने ठोकत असल्यासारखा आवाज ऐकू आला. रेस केली की ठोके जवळजवळ येत, पण त्यांचा जोर वाढत नव्हता. कनेक्टिंग रॉडचे (पिस्टनला क्रँकशी, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याशी, जोडणाऱ्या दांड्याचे) बेरिंग झिजले असेल तर ठोका ओझ्याखाली, म्हणजे चढावर, अधिक बडवतो. आम्ही तर नुकताच चढ चढून आलो होतो आणि वाटेत काही जाणवलेही नव्हते. एवढा विचार मी त्याच वेळी केला असता, तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

धुळ्यातील ज्या गॅरेजमध्ये गाडी नेली, तेथील मिस्त्रींनी बॉनेटवर कोपर टेकवून जेमतेम दोन मिनिटे ऐकले आणि निकाल दिला, "दादा, बेरिंग गये. इंजिन खोलनं पडी." एकाही प्लगची वायर त्यांनी काढून पाहिली नाही. मीही मान हलवली, हा माझा दोष. गाडी लिंबाखाली उभी राहिली, आणि त्यानंतर मी जेव्हा जेव्हा गेलो तेव्हा उत्तर एकच असे, "सकाय दखसूत", म्हणजे उद्या बघू. एप्रिलच्या उन्हात अमळनेरहून बसने जायचे, स्टुलावर बसून चहा घ्यायचा आणि बॉनेटवर साचलेला लिंबाचा पाला झाडून परत यायचे, असे पाच वेळा झाले. तिसऱ्या खेपेस ऑइल चेंबर काढलेले दिसले, तेव्हा काहीतरी सुरू झाले म्हणून मला आनंद झाला. चौथ्या खेपेस कळले की बेरिंगवर ओरखडासुद्धा नाही, तरीही "मुंबईहून नवीन सेट येऊ द्या, मग बघू" हे पालुपद कायम होते. जे बेरिंग शाबूत आहे त्याच्या जागी नवीन कशासाठी बसवायचे, या प्रश्नाचे उत्तर मला अखेरपर्यंत मिळाले नाही. सत्ताविसाव्या दिवशी चेंबर नवीन गॅस्केटसह परत बसवून घेतले, त्यात ताजे ऑइल भरले, मजुरी चुकती केली आणि ठोक्यासकट गाडी घरी आणली.

घरी एका मित्राकडून टायमिंग लाइट, म्हणजे प्लगच्या ठिणगीबरोबर चमकणारा दिवा, आणला. त्याची चिमटी पहिल्या सिलिंडरच्या प्लग वायरला लावली की क्रँकच्या दर दोन फेऱ्यांना एकदा प्रकाश चमकतो. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असल्यामुळे तिच्याशी जोडलेला दोष असेल, तर एका चमकीला एकच ठोका पडायला हवा. क्रँकचा दोष असेल तर साधारण दोन. कानाने हे मोजणे अशक्य आहे. म्हणून संध्याकाळी अंधार पडल्यावर मोबाइलवर चित्रीकरण केले आणि ते संथ करून पाहिले: एक चमक, एक ठोका. त्या क्षणी मला जो आनंद झाला तो घरात कोणालाही समजावता आला नाही. मग एकेका प्लगची वायर काढून ती इंजिनाच्या धातूला टेकवून (अर्थ करून) पाहिली. त्या सिलिंडरचा जोर थांबूनही आवाजात काही फरक पडला नाही, म्हणजे रॉड निर्दोष. टॅपेटचा (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांमधला) गॅप फीलर गेजने, म्हणजे मापाच्या पातळ पट्ट्यांनी, तपासला, तोही बरोबर होता.

हे खरे तर आधी सांगायला हवे होते: सर्वांत प्रथम ऑइलची पातळी पाहावी आणि फॅनबेल्ट काढून इंजिन अर्धा मिनिट चालवावे. डायनामो किंवा वॉटर पंपाचे बेरिंग वाजत असेल तर आवाज तेवढ्यानेच थांबतो. मी ते या सगळ्यानंतर केले, आणि आवाज तसाच राहिला.

उरला एसी पंप, म्हणजे इंजिनावरचा पेट्रोल खेचणारा पंप, ज्याचा दांडा कॅमशाफ्टवरील उंचवट्याने हलतो. तो काढला, पेट्रोलची नळी बंद केली, इंजिनाच्या छिद्रावर गॅस्केटसह पत्र्याची पट्टी घट्ट बसवली आणि कार्ब्युरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर गाडी चालू केली. (हे काम थंड इंजिनावर, सांडलेले पेट्रोल पुसून आणि बॅटरीची वायर काढूनच करावे.) ते थोडे पेट्रोल संपेपर्यंत एकही ठोका पडला नाही. काढलेला पंप हातात घेतला तर दांड्याची पिन इतकी झिजली होती की दांडा आडवाही हलत होता, आणि त्याला उंचवट्याला टेकवून ठेवणारी स्प्रिंग तुटलेली होती. दांडा मागे राही आणि प्रत्येक फेरीला उंचवटा त्याच्यावर आदळे. नवीन पंप बसवायला पाऊण तास लागला.

मागच्या आठवड्यात गॅरेजमधून फोन आला, बेरिंगचा सेट आला आहे म्हणून. मी जाऊन तो पैसे देऊन घेऊन आलो. जुन्या गाडीचे सामान पुन्हा कधी मिळेल याचा भरवसा नाही.