लार्क्स टंग्ज रिप: कलिंबा वाचला, आता दुसरी बाजू

मंडळी, जमलं एकदाचं! किंग क्रिम्सन बँडच्या 'लार्क्स टंग्ज इन ॲस्पिक' या अल्बमची जुनी रेकॉर्ड मी रिप करतोय, म्हणजे तिचा आवाज संगणकात उतरवून साफ करतोय. पहिल्या बाजूची सुरुवातीची तीनेक मिनिटं, ज्यांच्यापायी माझा अख्खा पावसाळा गेला, ती आता स्वच्छ वाजतायत आणि कलिंबाची (धातूच्या पट्ट्या बोटांनी छेडायचं छोटं वाद्य) प्रत्येक टिचकी जागच्या जागी आहे. काल रात्री हेडफोन लावून ऐकलं आणि अंगावर काटा आला, म्हणून लगेच लिहायला बसलोय.

जुने अपडेट वाचलेत त्यांना कॉपी माहितीये. आयलंड कंपनीचं ब्रिटिश प्रेसिंग (तिकडे छापलेली प्रत), कॅटलॉग नंबर आयएलपीएस 9230, गुलाबी कडेचं लेबल, मुंबईच्या दमट हवेत कपाटात पडून बुरशी धरलेली. धुलाई झालीये, डिस्टिल्ड वॉटर, थोडं आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल), मऊ ब्रश, परत नुसतं डिस्टिल्ड वॉटर. यावर मत विचाराल तर बॅटरीच्या दुकानातलं पाणी शेवटच्या धुण्याला वापरू नका, केमिकल सप्लायरकडून लॅब ग्रेडचा कॅन आणा, पैशात फार फरक नाही पण सुकल्यावर डाग राहत नाहीत. आणि लाकडाचा गोंद ओतून साल काढायचे व्हिडिओ बघून कोणी ते करू नका प्लीज, एवढ्या जुन्या रेकॉर्डवर तर अजिबातच नको.

बुरशी गेली, उरले क्लिक्स. आता हा अल्बम असा आहे की क्लिक लपायला जागाच नाही. शीर्षक-रचनेचा पार्ट वन सुरू होतो तो परकशनवाल्या जेमी म्युइरच्या कलिंबाने आणि घंट्यांनी, तेही इतक्या हळू की फ्रिपचा गिटार रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून) आदळतो त्याच्या हिशोबाने रेकॉर्डिंग लेव्हल ठेवली तर सुरुवात पार तळाशी जाऊन बसते. त्यात ही बाजू जवळपास 24 मिनिटांची, पार्ट वन साडेतेरा मिनिटं, मग बुक ऑफ सॅटरडे आणि एक्झाइल्स, म्हणजे कटिंग करणाऱ्याला लेव्हल फार चढवताच आली नसणार. थोडक्यात सरफेस नॉइज आणि संगीत शेजारी शेजारी.

डीक्लिकर, म्हणजे क्लिक्स आपोआप काढणारं सॉफ्टवेअर, चालवला (नाव घेत नाही, पैसे मोजून घेतलेला आहे एवढंच) आणि क्लिक्स गेले, पण सोबत कलिंबाही मऊ झाला, जणू कोणी पट्ट्यांवर कापूस बांधलाय. सेन्सिटिव्हिटी कमी केली तर क्लिक्स परत. मग त्याने काय काय काढलं तेवढीच वेगळी फाइल करून ऐकली. मंडळी, त्या फाइलमध्ये नुसती चरचर असायला हवी, तर चक्क कलिंबाची लय ओळखू येत होती! टक, टक-टक, टक. म्हणजे म्युइरची बोटंच तो कचरा म्हणून काढून टाकत होता.

कारण समजून घेतलं तर सॉफ्टवेअरला दोष देणंही अवघड आहे. डीक्लिकर मागच्या सॅम्पल्सवरून पुढचं सॅम्पल काय येईल याचा अंदाज बांधतो, खरा सिग्नल त्या अंदाजापासून एकदम लांब उडाला की तो क्लिक धरतो आणि ती जागा आजूबाजूच्या आवाजावरून भरून काढतो. व्हायोलिन, मेलोट्रॉन, गायक वेटनचा आवाज यांचा अंदाज बांधता येतो. पण शांततेतून अचानक धातूची पट्टी उडते, तिचा अंदाज कोण कसा बांधणार? आणि म्युइरचं तर सगळंच असं, अल्बमवर त्याच्या नावापुढे परकशन आणि 'ऑलसॉर्ट्स' लिहिलंय, पत्रे, साखळ्या, भांडी, हाताला लागेल ते. अल्बम मार्च 1973 मध्ये दुकानात आला तोवर हा माणूस बँड सोडून स्कॉटलंडच्या साम्ये लिंग बौद्ध मठाच्या वाटेला लागला होता. या बँडसोबत स्टुडिओ अल्बम एकच, आणि त्यातली त्याची पहिली टिचकी पुसून टाकायची? मला ते सहनच होईना. 2025 च्या फेब्रुवारीत तो गेला, तेव्हापासून तर या तीन मिनिटांशी जरा जास्तच नातं जडलंय.

तर तोडगा. रिप 96 किलोहर्ट्झला केलाय हे नशीब, कारण स्पेक्ट्रोग्राम (आवाजातल्या कंपनसंख्यांचं चित्र) पूर्ण उघडून झूम केलं आणि फरक डोळ्यांना दिसला. क्लिक म्हणजे खालपासून थेट 48 किलोहर्ट्झपर्यंत सरळ उभी रेघ, मागे शेपूट काही नाही. कलिंबाची टिचकी खाली दाट, वर जाता जाता विरळ होत 20 च्या आधीच संपते आणि मागे आडवे धागे सोडते, पट्टी कंप पावत असते ना. म्हणजे 20 च्या वर या भागात जे काही उडतं ते क्लिकच!

मग ऑडॅसिटी या ऑडिओ एडिटरमध्ये ट्रॅकची कॉपी केली, तिला 20 किलोहर्ट्झचा हाय-पास (त्याखालचं सगळं गाळणारा फिल्टर) लावला, उतार तीव्र ठेवला, आणि उरलेल्या अवशेषावर लेबल साउंड्स (आवाज सापडेल तिथे खूण करणारं टूल) चालवलं. लेबलांची रांगच उभी राहिली. त्या लेबलांवरून मूळ ट्रॅकवर एकेक जागा गाठून ऑडॅसिटीचंच 'रिपेअर' टूल. तांदळातले खडे वेचावेत तसं काम, पण हात फक्त खड्याला लागतो. फुकटच्या ऑडॅसिटीने महागड्या सॉफ्टवेअरला इथे साफ मागे टाकलं, हे मी कुठेही सांगायला तयार आहे. व्हीएम95एमएल स्टायलसलाही (रेकॉर्ड प्लेअरची सुई) मार्क द्यायला हवेत, दोन ग्रॅमवर चालवतोय, मायक्रोलाइन टोकामुळे क्लिक अरुंद आणि टोकदार येतो, ओळखायला सोपा. एकदा डेव्हिड क्रॉसचं व्हायोलिन मधल्या शांत भागात एकटं वाजतं तिथेही हीच युक्ती लावली, तिथे तर काम लोण्यासारखं झालं असं म्हणणार होतो पण दोन मोठे पॉप राहिलेत.

ते पॉप वेगळंच प्रकरण आहे. रिपेअर एका वेळी 128 सॅम्पल्सच घेतं, 96 ला ते होतात जेमतेम 1.3 मिलिसेकंद. एक बारीक चरा आहे, आडवा, दर फेरीला म्हणजे 1.8 सेकंदांनी येतो (एक सापडला की पुढचा कुठे ते घड्याळ लावून सांगता येतं), आणि त्यातले काही तीन-चार मिलिसेकंदांचे आहेत. तिथे अंदाजाने भरलेला आवाज ऐकू येतो.

थांबा, हे लिहितानाच सुचलं. नागपूरच्या एका काकांकडे याच प्रेसिंगची दुसरी कॉपी आहे. तिच्यावर चरा असेल तर वेगळ्या जागी असणार! पूर्ण रिप एकमेकांवर बसणार नाहीत, टर्नटेबलचा स्पीड कुठे इतका सारखा असतो, पण मला हवेत फक्त चार-पाच मिलिसेकंदांचे तुकडे, तेवढ्यात सरकून सरकून किती सरकणार. काकांना आजच फोन करतो, रेकॉर्ड कुरिअरने नको, मीच जाईन मशीन घेऊन.

आणि हो, ज्यांना वाटतं की 2012 चा स्टीव्हन विल्सनचा रिमिक्स आहे की, एवढा खटाटोप कशाला, तर तो सुंदरच आहे, पण ते मिक्स वेगळं आहे. मला 1973 ला खोबणीत कोरलेलं हवंय.

आता दुसरी बाजू. इथे 20 च्या वरची युक्ती अर्धवटच चालते. पार्ट टू अल्बममधला सगळ्यात दणदणीत भाग आणि नेमका लेबलच्या तोंडाशी. काठावर खोबण सेकंदाला साधारण 51 सेंटीमीटर धावते, आत 21-22 वर येते, त्यामुळे डिस्टॉर्शन वाढतं आणि त्याचे फटकारे 20 च्या वर क्लिकसारखेच दिसतात. तो दहा मात्रांचा रिफ, तीन-तीन-दोन-दोन (आपला झपताल दोन-तीन-दोन-तीन, तबलेवाल्यांनी एकदा हातावर धरून बघा, मजा येते), त्याच्या प्रत्येक आघाताला लेबल पडतं. आघात वाचवून क्लिक काढायचे म्हणजे ड्रमर ब्रुफर्डचा स्नेअर रोज धोक्यात.

म्हणून आधी डिस्टॉर्शनच कमी करायचं. आत्ता कार्ट्रिज (सुई जिच्यात बसते ती) बेअरवाल्ड पद्धतीच्या कोनात लावलीये, आतला नल पॉइंट (जिथे सुई खोबणीला अगदी बरोबर कोनात लागते ती जागा) केंद्रापासून 66 मिलिमीटरवर. स्टीव्हन्सन पद्धतीने लावली तर तो 60.3 वर येतो, म्हणजे पार्ट टूच्या शेवटाजवळ. मधल्या भागात थोडं नुकसान होतं, पण पूर्ण बाजू तशी घ्यायची गरजच नाही! इझी मनी (या बाजूचं पहिलं गाणं) शेवटच्या हसण्यापर्यंत आत्ताच्या रिपमधून, आणि द टॉकिंग ड्रमच्या वाऱ्याच्या आवाजापासून पुढे स्टीव्हन्सनवाला रिप. ड्रम आणि पार्ट टू मध्ये कापता येत नाही, ती किंकाळी थेट रिफमध्ये घुसते, पण वाऱ्याच्या आधी जोड बेमालूम बसेल.

कोणाकडे चांगला छापील स्टीव्हन्सन प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिज कोनात लावायची मापपट्टी) असेल तर सांगा, घरच्या प्रिंटरवर स्केल हलतं आणि अर्ध्या मिलिमीटरने सगळं मुसळ केरात. आधी नागपूर, मग अलाइनमेंट, मग 96 ला परत दुसरी बाजू.