माळ्यावरचे सतरा लाख

मी एका सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. गणपती उठले की दिवाळीआधीच्या स्टॉक तपासण्या सुरू होतात. गेल्या वर्षी मेन रोडवरच्या अप्पांच्या रेडिमेडच्या दुकानात गेलो. तीस वर्षांचं खातं, वीस लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा, म्हणजे दुकानातल्या मालाच्या तारणावर लागेल तशी उचल, व्याजाची कधी तक्रार नाही. चहा पिऊन तासाभरात निघू असं वाटलं होतं.

अप्पांनी बँकेला दिलेल्या मालाच्या यादीत, स्टॉक स्टेटमेंटवर, ४२ लाखांचा माल होता आणि मोजला तर तेवढाच भरला. मग मी माळ्यावर चढलो. डांबरगोळ्यांचा वास. टॅगवर अप्पांच्या सांकेतिक अक्षरांत खरेदीची किंमत असते, ती मला वाचता येत नाही. पण खोक्यांवरचे बिल नंबर वाचता येतात. खरेदीची फाईल घेऊन बसलो तेव्हा कळलं, १७ लाखांचा माल सहा महिन्यांपेक्षा जुना. काही कुर्ते दोन दिवाळ्या बघून बसलेले.

आमचा हिशोब निर्दयी असतो. ४२ मधून जुना माल १७ गेला, व्यापाऱ्यांकडून उधारीवर आणलेला माल ९ गेला, उरले १६. त्यावर २५ टक्के मार्जिन, म्हणजे दुकानदाराचा स्वतःचा वाटा, कापलं की उचल मिळणार १२ लाखांची. मर्यादा वीसची असली तरी.

अप्पा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, कॉलेज रोडला चला. तिथल्या नव्या दुकानांचं काय चाललंय ते दाखवा मला."

खरं तर हे माझं काम नव्हतं. पण गेलो. तिथल्या एका नव्या मोठ्या दुकानात बुधवार असूनही बिलिंगला रांग होती. अप्पांनी एक शर्ट उलटा करून शिवण पाहिली, कापड चिमटीत धरलं. "कापड माझं बरंय," म्हणाले. बरोबरच होतं. पण त्यांना फरक कापडात दिसत होता, मला तो तारखांत दिसत होता.

थोडा माल आणून तो लवकर खपवायची तिथली तऱ्हा मुळात स्पेनची. अमान्सिओ ओर्तेगांनी १९७५ मध्ये झारा या नावाचं कपड्यांचं पहिलं दुकान काढलं. नवं डिझाइन दोन-तीन आठवड्यांत दुकानात, माल थोडा थोडा, आठवड्यातून दोनदा नवी गाडी. स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को, तुर्कस्तान अशा जवळच्या ठिकाणी बरंच शिवून घेतल्यामुळे खपेल तेच पुन्हा शिवता येतं. आपल्याकडं टाटांच्या ट्रेंट कंपनीचं झुडिओ हे कपड्यांचं दुकान २०१६ मध्ये आलं. जवळजवळ सगळं हजाराच्या आत, सगळा माल स्वतःच्याच नावाचा, म्हणजे मधल्या ब्रँडचा नफा वाचला. ऑनलाइन विक्री नाही, म्हणून घरपोच आणि परतीचा खर्चही नाही. मार्च २०२४ ला त्यांची ५४५ दुकानं होती, वर्षभरात ७६५ झाली. एका नगामागे थोडंच सुटतं, पण तोच पैसा वर्षात अनेकदा फिरतो. अप्पांचा पैसा दिवाळी आणि लगीनसराई असा दोनदाच फिरतो, आणि त्यातला सतरा लाख माळ्यावर झोपलेला.

हे मी रिक्षात सांगितलं. अप्पा म्हणाले, "म्हणजे मी कापडाचा नाही, दिवसांचा धंदा करायला हवा होता." मला हे रिपोर्टमध्ये लिहावंसं वाटलं, पण आमच्या छापील नमुन्यात तसा रकाना नाही.

दुकानात परतल्यावर त्यांनी उल्हासनगरच्या व्यापाऱ्याला फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"आठ डझन नको. दोनच पाठवा. खपले तर पंधरा दिवसांनी परत दोन."

"पाठवतो की अप्पा. पण दोन डझनाला नगामागे तीस रुपये जास्त लागतील. आणि पंधरा दिवसांनी तोच माल असेलच असं नाही."

अप्पांनी स्पीकर बंद केला, पेन उचललं आणि माझ्या रिपोर्टवर सही केली.