केसांवर फुगा

एप्रिलची दुपार. गॅलरीत प्लास्टिकवर घातलेल्या साबुदाण्याच्या पापड्या उलटत होते, तर एका पापडीत केस निघाला. पापडीत केस म्हणजे आमच्याकडे गुन्हाच. आधी आरोपी ठरवायला हवा. माझा म्हणावा, तर माझा हल्ली मुळाशी पांढरा आणि पुढे मेंदीचा तांबूस असतो. नवऱ्याचा असायची शक्यता 2009 सालीच संपली. हा होता बोटाच्या पेराएवढा, बदामी, मऊ. उठून पिंजऱ्यापाशी गेले. चकली कोपऱ्यात गवत खात बसली होती. तिला उचलून पोटाशी धरलं, तर बरगडीच्या खाली हाताला सरळ कातडी लागली. गुलाबी, कोमट, गुळगुळीत. दुसऱ्या बाजूलाही तेवढीच.

लेक शिकायला बंगळुरूला गेली, ती दोन गिनी पिग, एक पिंजरा, अर्धं पोतं गवत आणि सूचनांची चार पानं मागे ठेवून. चकली आणि करंजी. चकली अ‍ॅबिसिनियन जातीची, म्हणजे अंगभर भोवरे. डोक्यावर दोन भोवरे असले तर दोन लग्नं होतात, असं आमची आजी सांगायची. चकलीचे मी मोजलेत, नऊ आहेत. लग्न मात्र एकही नाही, आणि डॉक्टरांनी पुढे नेमकं तेच विचारलं. पण ते पुढे.

गळलेल्या केसांचं मला भारी वेड आहे. गुंतवळ केरात टाकायला हात धजत नाही. फणीतला गुंता सोडवायचा, तर्जनीला गुंडाळायचा, त्याची गुठळी करायची, तिच्यावर थू थू करायचं आणि मगच ती कुठेतरी खोचायची. ही आजीची रीत. ती गुठळ्या खोचायची माजघराच्या भिंतीतल्या फटीत. महिन्या-दोन महिन्यांनी गल्लीत हाळी यायची, "केसांवर फुगेऽऽ!" आजी फटीतून सगळ्या गुठळ्या काढायची, ती बाई त्या तळहातावर तोलून बघायची आणि पोराला फुगा द्यायची. आजीला हवी असायची सुई नाहीतर पिना, पण मी ओट्यावर बसलेली असल्यामुळे बहुतेक वेळा फुग्याचं जिंकायचं.

एका उन्हाळ्यात मला मोठा लांबडा फुगा हवा होता, सशाचे कान असलेला. बाई म्हणाली, एवढ्या केसांत नाही बसत. पुढच्या खेपेपर्यंत मी तयारी केली. आजीच्या गुठळ्यांत आईच्या घातल्या, शेजारच्या काकूंच्या न्हाणीच्या मोरीतला गुंतवळ काठीनं काढून वाळवला, आणि तरीही भागेना म्हणून वाड्यातल्या मोत्या कुत्र्याची झडलेली लव गोळा करून मधोमध भरली. वरून आजीचे लांब केस गुंडाळले, बाकरवडीसारखे. बाईनं गोळा घेतला, दाबला, नाकाशी नेला. "पोरी, हे कुत्र्याचं हाय." मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. आजीला ऐकू गेलं नव्हतं. बाई हसली आणि टोपलीतून एक छोटा हिरवा फुगा काढून माझ्या हातात दिला. सशाचा नाही, साधा. तो मी फुगवलाच नाही. कंपासपेटीत ठेवला, आणि पुढे कधीतरी तो चिकट होऊन पट्टीला लागून राहिला.

असो. चकली.

आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर एक वैद्य आहे. दुसऱ्या मजल्यावरून आलं, खोबरेल लावा. चौथ्यावरून आलं, माक्याचं लावा. आईनं फोनवर गजकर्ण ठरवलं आणि हात साबणानं धुवायला सांगितलं. आईची शंका अगदीच वाऱ्यावर नव्हती. गिनी पिगना गजकर्ण होतं आणि ते माणसालाही लागतं, पण बहुतेकदा नाक, डोळ्यांभोवती आणि कानांपासून सुरू होतं आणि खपल्या धरतात. इथे खपली औषधालाही नव्हती. तेलाचं तर डॉक्टरांनी पुढे हात जोडूनच सांगितलं, की जे अंगाला लावाल ते ती चाटणार.

नवरा म्हणाला, "करंजी कुरतडत असेल." गिनी पिग तसं करतात खरे. कंटाळा आला, गवत कमी पडलं, घरात मोठेपणावरून कुरबुर झाली, की एकमेकींचे केस चावून आखूड करतात. पण मग कात्रीनं भादरल्यासारखे खुंट राहतात. इथे खुंटही नव्हते. करंजीवर दोन दिवस उगाच नजर ठेवली, तिनं ते मनाला लावून घेतलं नाही.

मग मी क जीवनसत्त्वामागे लागले. माणसाला आणि गिनी पिगला हे जीवनसत्त्व अंगात बनवता येत नाही, बाहेरूनच खावं लागतं. 1907 साली नॉर्वेत अ‍ॅक्सेल होल्स्ट आणि थिओडोर फ्रोलिक या दोघांनी गिनी पिगना नुसतं धान्य घातलं. त्यांना बघायचा होता बेरीबेरी हा दुसराच रोग, झाला स्कर्व्ही, म्हणजे क जीवनसत्त्व न मिळाल्यानं हिरड्यांतून रक्त येणारा रोग. खलाशांच्या हिरड्यांचं कोडं त्या पिंजऱ्यात सुटायला लागलं. कमी पडलं तर केस राठ होतात, सांधे सुजतात, खाणं सुटतं. पण आमच्या घरी रोज ढोबळी मिरची आणि पेरूची फोड. गिनी पिग मूळचे अँडीज पर्वतातले, पेरू-बोलिव्हियाकडचे. पेरूची पोर पुण्यात पेरू खाते, हा विनोद मी लेकीला तीन वेळा सांगितलाय. ती तिन्ही वेळा गप्प बसली.

याआधी एकदा मी तोंडघशी पडले होते, म्हणून डॉक्टरांकडे जायला धीर होत नव्हता. चकली घरी आली त्याच आठवड्यात मला तिच्या कानामागे टक्कल दिसलं होतं. रिक्षा करून धावले. डॉक्टरबाईंनी दोन्ही कान उलटून दाखवले आणि म्हणाल्या, "काकू, हे सगळ्यांनाच असतं." घरी येऊन करंजीचे कान उलटले. होतं. त्या दिवशी नवरा दिवसभर आपल्या कानामागून हात फिरवत हिंडला.

या वेळी बाई हसल्या नाहीत. पहिला प्रश्न, "खाजवते का?" नाही. कारण खरजेचे किडे कातडीत शिरले तर गिनी पिग एवढं खाजवतात, की रक्त काढतात, कधी त्यानं झटकेही येतात. तरी त्यांनी ब्लेडनं कातडी हलकेच खरवडून काचेवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली. किडा नाही. मग वय विचारलं. तीन पूर्ण. पिल्लं? एकदाही नाही. दोन्ही कुशींना सारखंच, खाज नाही, कातडी स्वच्छ. बाईंनी पोट चाचपलं आणि सोनोग्राफीचं यंत्र ओढलं. तेवढ्या इवल्या पोटाची सोनोग्राफी होते, हे मला त्या दिवशी कळलं. चकलीच्या कुशीवरचे उरलेसुरले केस काढले, जेल लावलं. पडद्यावर दोन काळे गोल. एक सुपारीएवढा, एक वाटाण्याएवढा. अंडाशयावरच्या गाठी. वय वाढलेल्या माद्यांमध्ये या पुष्कळ होतात म्हणे. काही गाठी हार्मोन सोडतात, आणि केस जातात ते त्या हार्मोनपायी. केसांना काही झालेलंच नव्हतं.

मी नुसतं "बरं" म्हणाले. माझ्या पर्समध्ये माझाही एक सोनोग्राफीचा कागद होता, फेब्रुवारीतला. त्यात एक गोल होता, आणि खाली लिहिलं होतं की सहा महिन्यांनी पुन्हा बघू. केस गळण्यासाठी मी गोळ्या घेत होते, शांपू बदलत होते. बाईंना मी तो कागद दाखवला नाही. जनावरांच्या डॉक्टरांना काय दाखवायचं.

मंगळवारी ऑपरेशन आहे. दोन्ही अंडाशयं काढायची. एवढ्या लहान जिवाला भूल देण्यात जोखीम असते, असं बाई म्हणाल्या. किती, ते मी विचारलं नाही आणि लेकीला तो शब्द सांगितलेला नाही.

तोवर केस गळतायत. रोज संध्याकाळी तिच्या फ्लीसच्या तुकड्यावरून झाडून घेते, बोटाला गुंडाळते. बदामी गुठळी होते, मोत्याच्या लवेसारखीच. थू थू करते आणि गॅलरीच्या जाळीत खोचते. सकाळी ती तिथे नसते. चिमणी नेते की झाडलोट करणाऱ्या मावशी, हे मी पाहायला गेलेले नाही.

काल बाईंचा फोन आला होता. त्यांनी बजावलं, की उपाशी ठेवू नका. माणसाला ऑपरेशनआधी पाण्याचा घोट देत नाहीत, पण यांना उलटी होतच नाही आणि आतडं थांबलं की जीव जातो. शुद्धीवर आल्या आल्या तोंडापुढे खाणं हवं, आणि तेही तिच्या सवयीचं. येताना कोथिंबीर घेऊन या, म्हणाल्या.

सोमवारी बाजार बंद असतो. रविवारीच आणून ओल्या फडक्यात ठेवावी लागेल.