पदपथाची फाइल आणि टिपणीचं सातवं पान

सोमवारी दुपारी तीन वाजता चौघे जण आमच्या क्षेत्रीय कार्यालयात आले ते भांडायच्या तयारीनेच. एकाकडे मोजपट्टी, दुसऱ्याकडे आकड्यांनी भरलेली वही आणि तिसऱ्याच्या मोबाइलमध्ये महापालिकेच्या संकेतस्थळावरच्या एका तक्त्याचा फोटो. त्यांच्या गल्लीतल्या पदपथाचं काम २७० चौरस मीटर झाल्याचं तो तक्ता सांगत होता. त्यांनी स्वतः मोजलं तेव्हा भरलं २४७ आणि वर थोडं. मधले साडेबावीस चौरस मीटर पेव्हर ब्लॉक गेले कुठे, एवढाच त्यांचा प्रश्न होता.

हे काम साधं नव्हतं, कारण ते त्यांनीच सुचवलेलं होतं. अर्थसंकल्पात नागरिकांनी कामं सुचवायची पद्धत पुण्यात २००६-०७ पासून आहे, आणि आमच्याकडेही ती त्याच धर्तीवर चालते. पावसाळा संपताना क्षेत्रीय कार्यालयात अर्ज घ्यायचे. कनिष्ठ अभियंता जागा पाहतो, काम महापालिकेच्या हद्दीत आणि ताब्यात आहे का ते तपासतो, एस्टिमेट म्हणजे खर्चाचा अंदाज करतो. मग प्रभाग समिती, मग आयुक्तांचा अर्थसंकल्प, मग स्थायी समिती. निविदा निघायला पुढच्या आर्थिक वर्षाचा बराच भाग जातो. म्हणजे अर्ज भरणाऱ्याला फरशी दिसेपर्यंत दीड वर्ष सहज जातं, आणि या दीड वर्षात त्याला कुणी काही कळवत नाही. आमच्याकडे एका कामाला पाच लाखांची मर्यादा आहे. ही मर्यादा लक्षात ठेवा, सगळं प्रकरण तिथेच अडकलं होतं.

सोमवारचं असं की, सामान्य प्रशासन विभागाने २६ नोव्हेंबर २०१८ रोजी काढलेल्या सूचनेनुसार जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळात नागरिकांना अभिलेख, म्हणजे कार्यालयातल्या फाइली आणि कागद, पाहू द्यायचे असतात. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. पुणे महापालिकेत हा प्रयोग त्याच्या बऱ्याच आधी, २००९ च्या सुमारास सुरू झाला होता. पाहण्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही. प्रती हव्या असतील तर पानाला दोन रुपये. बऱ्याच कार्यालयांत या दोन तासांत कुणी फिरकत नाही, कारण बाहेर पाटीच नसते. पाटी असली तर ती जिन्याखाली.

माणसं आली म्हणून फाइल आली, असं मात्र होत नाही. सोमवारची खरी तयारी आधीच्या गुरुवार-शुक्रवारी होते. काम संपलेल्या फाइली अभिलेख कक्षात वर्गवारीने जातात: अ वर्ग कायम, ब वर्ग तीस वर्षं, क वर्ग दहा, क-१ पाच आणि ड वर्ग एक वर्ष. गठ्ठ्यावर वर्ग आणि वर्ष लिहिलेलं असेल तर फाइल पंधरा मिनिटांत निघते. गठ्ठ्यावर नुसतं ‘पथ, किरकोळ’ लिहिलं असेल तर पूर्ण दिवस जातो, आणि मग ‘माहिती आढळून येत नाही’ असं उत्तर तयार होतं. ‘देत नाहीत’ या तक्रारींपैकी बऱ्याच खरं तर ‘सापडत नाही’ या असतात. नागरिकाच्या दृष्टीने दोन्ही सारखंच, आणि ते बरोबरच आहे. माहिती अधिकार कायद्याचं कलम ४(१)(क) अभिलेखांची सूची आणि अनुक्रमणिका करायला सांगतं ते याचसाठी. प्रत्येक कार्यालयाने स्वतःहून जाहीर करायच्या पुढच्या सतरा बाबींच्या मानाने हे उपकलम दुर्लक्षित राहिलं, पण बाकी सगळं त्याच्यावर उभं आहे.

या चौघांनी शुक्रवारी फोन करून कामाचं नाव सांगून ठेवलं होतं, त्यामुळे फाइल टेबलावर होती. फाइल देण्यापूर्वी तीन गोष्टी करून घ्याव्या लागतात. पहिली, पानांना क्रमांक. टिपणीच्या, म्हणजे अधिकाऱ्यांनी शेरे आणि प्रस्ताव लिहिलेल्या भागाला वेगळे, पत्रव्यवहाराच्या भागाला वेगळे, शाईने. क्रमांक नसलेली फाइल नागरिकाच्या हातात दिली तर नंतर एखादं पान नाही म्हटल्यावर ते आधीपासून नव्हतं की आत्ता गेलं, हे कुणालाच सांगता येत नाही. दुसरी, नोंदवही: नाव, फाइलचा क्रमांक, किती पानांची दिली, किती वाजता दिली, किती वाजता घेतली, दोघांच्या सह्या. तिसरी, झाकायचा मजकूर. ठेकेदाराचा बँक खाते क्रमांक, पॅन, कुणाचा मोबाइल नंबर. कलम १० नुसार एवढाच भाग वगळून बाकीचं द्यायचं असतं. त्या एका ओळीसाठी अख्खं देयक, म्हणजे बिल, नाकारता येत नाही. आणि कृपा करून मूळ कागदावर काळा मार्कर फिरवू नका. झेरॉक्स काढायची, तिच्यावर झाकायचं, मग त्या प्रतीची पुन्हा झेरॉक्स काढायची. पहिल्या प्रतीवरचं काळं उजेडासमोर धरलं की आतला आकडा वाचता येतो.

फाइल कशी वाचायची हे बहुतेकांना कुणी सांगितलेलं नसतं. लोक पहिल्या पानापासून सुरू करतात आणि अर्ध्या तासात प्रशासकीय मान्यतेपाशी दमतात. कामाची फाइल असेल तर शेवटून उघडावी. आधी अंतिम देयक. त्यावर मोजमाप पुस्तिकेचा (झालेल्या कामाची मोजमापं लिहायची वही) क्रमांक आणि पान लिहिलेलं असतं, ते टिपून घ्यावं. मग कार्यारंभ आदेश: कामाचं नाव, मुदत, रक्कम. मग एस्टिमेट आणि तांत्रिक मान्यता. सगळ्यात शेवटी टिपणी, पण ती अक्षर न अक्षर, कारण निर्णय तिथे होतो. पत्रव्यवहारात फक्त त्याचं टंकलिखित रूप येतं. अर्ज करून माहिती मागवतानाही ‘टिपणी भागासह संपूर्ण संचिका’ असं लिहावं. आपल्या राज्याच्या नियमात एका अर्जात एकच विषय आणि साधारण दीडशे शब्द अशी मर्यादा आहे, पण एवढं लिहायला दहा शब्दही पुरतात.

त्या दिवशी शेवटून उघडायला गेलो तर अंतिम देयक फाइलमध्ये नव्हतंच. मोजमाप पुस्तिकाही नव्हती. होतं फक्त एस्टिमेट: लांबी १८० मीटर, रुंदी दीड मीटर, क्षेत्रफळ २७०. कार्यारंभ आदेशातही तोच आकडा. वहीवाल्या गृहस्थांनी मान डोलावली. कागद गायब म्हणजे संशय पक्का.

कागद गायब नव्हते, लेखा विभागात होते. मोजमाप पुस्तिका कनिष्ठ अभियंत्याच्या नावावर दिलेली असते. देयक तयार झालं की ती देयकासोबत लेखा विभागात तपासणीला जाते, आणि एका पुस्तिकेत पाच-सहा कामांची मोजमापं असल्याने ती कोणत्याच एका फाइलमध्ये कायमची राहत नाही. म्हणून नुसती ‘फाइल दाखवा’ ही मागणी अपुरी पडते. पुस्तिकेचा क्रमांक देऊन ती वेगळी मागावी लागते. शिपायाला खालच्या मजल्यावर पाठवलं, तो वीस मिनिटांनी दोन्ही घेऊन आला. बरी म्हणायची ती वेळ. लेखापाल जागेवर होते.

पुस्तिकेत वर्णन, नग, लांबी, रुंदी, जाडी, परिमाण असे रकाने असलेल्या पानावर पहिली ओळ होती १८० गुणिले १.५०, बरोबर २७०. पुढच्या पानावर दुसरी ओळ: वजावट, पाच नग, ३.०० गुणिले १.५०, बरोबर २२.५०. पाच घरांच्या फाटकांसमोर गाड्या आत जाण्यासाठी पदपथ तोडलेला आहे आणि तिथे काँक्रीट आहे. ब्लॉकचं मोजमाप तिथे धरलेलं नाही. निव्वळ २४७.५०. देयकही तेवढ्याचंच. खाडाखोड नाही, उपअभियंत्याच्या तपासणीची सही आहे. मोजपट्टीवाल्यांनी आपल्या वहीतला आकडा पाहिला, पुस्तिकेतला पाहिला, आणि पट्टी पिशवीत टाकली.

म्हणजे ज्या अभियंत्यावर आरोप होणार होता त्याला वाचवणारा कागद त्याच्याच कार्यालयात होता, फक्त खालच्या मजल्यावर. संकेतस्थळावर २७० आला तो कार्यारंभ आदेशावरून. तक्ता भरणाऱ्याकडे तोच कागद पोहोचतो. अंतिम देयक त्याच्याकडे जात नाही. उघड केलेली माहिती चुकीची असली की ती न उघडलेल्या माहितीपेक्षा जास्त संशय निर्माण करते, आणि तो संशय निवारायला पुन्हा कागदच उघडावे लागतात.

इथे बैठक संपली असती. पण चौथे गृहस्थ, ज्यांच्या सहीचा मूळ अर्ज होता, अजून टिपणी वाचत होते. सातव्या पानावर ते थांबले. त्यांच्या अर्जात तीन गोष्टी होत्या: ब्लॉकचा पदपथ, दोन्ही टोकांना चाकाच्या खुर्चीसाठी उतार, आणि अंध व्यक्तींसाठी उठावाच्या फरशांची पट्टी. पहिलं एस्टिमेट या तिन्हींचं होतं, रक्कम ५ लाख ६२ हजार. सातव्या पानावर दोन ओळींची टिपणी होती की काम योजनेच्या मर्यादेत बसवण्यासाठी शेवटच्या दोन बाबी वगळण्यात येत आहेत, सुधारित रक्कम ४ लाख ९६ हजार. खाली दोन सह्या. पुढे मान्यता.

कुणी पैसे खाल्ले नव्हते. निर्णय मर्यादेत होता, टिपणी स्वच्छ होती, कारण लिहिलेलं होतं. एकच झालं नव्हतं: ते कारण अर्जदाराला कळवलेलं नव्हतं. ‘मला विचारलं असतं तर मी लांबी कमी करा म्हणालो असतो,’ ते म्हणाले. ‘उतार काढा असं नसतं म्हटलं.’ यावर द्यायला उत्तर नव्हतं. १८० मीटरऐवजी दीडशे मीटर करून दोन्ही बाबी बसल्या असत्या का, हा हिशोब त्यांनी तिथेच मांडला. साधारण बसत होता. कडेचा दगड दीडशे मिलिमीटर उंच धरला तर एकास बारा या प्रमाणात उताराची लांबी एक मीटर ऐंशी सेंटिमीटर होते. दोन टोकांचे दोन उतार म्हणजे खर्चाच्या दृष्टीने किरकोळ बाब. पट्टीच्या फरशा त्याहून महाग, पण लांबी तोडल्यावर त्याही निघत होत्या.

कलम ४(१)(घ) सांगतं की प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तींना कळवावीत, तीही त्यांनी न मागता. परवाना नाकारला, अतिक्रमण काढलं अशा प्रकरणांत हे कलम आठवतं. सूचना घेतली आणि अर्धी बदलली, इथे ते कुणाला आठवत नाही, कारण सूचना म्हणजे उपकार, हक्क नव्हे, असं मनात कुठेतरी असतं. याच कलम ४ मधल्या सतरा बाबींपैकी सातवी बाब धोरण ठरवताना लोकांशी विचारविनिमय करण्याच्या व्यवस्थेची आहे. कुठल्याही कार्यालयाचा सतरा बाबींचा दस्तऐवज काढून ती पाहा. बऱ्याच ठिकाणी एकच शब्द सापडेल: निरंक, म्हणजे काहीच नाही. ज्या कार्यालयात नागरिकांकडून दरवर्षी कामांचे अर्ज घेतले जातात तिथेसुद्धा निरंक, कारण तो दस्तऐवज आधीच्या वर्षाचा मजकूर उचलून, फक्त अधिकाऱ्यांची नावं बदलून तयार होतो. कधी कधी नावंही बदलत नाहीत.

साडेचारला त्यांनी अकरा पानांच्या प्रती मागितल्या. बावीस रुपये, पावती, नोंदवहीत सही. माहिती अधिकाराच्या अर्जाने हेच तीस दिवसांत मिळालं असतं, पण अर्जात त्यांनी मागितलं असतं फक्त देयक, आणि सातवं पान कुणी पाहिलं नसतं.

त्यानंतर सुचवलेल्या कामांच्या फाइलींना पहिल्या पानाआधी एक कागद लावायला सुरुवात झाली. त्यावर मूळ सूचना अर्जदाराच्या शब्दांत, जागेची पाहणी केल्याची तारीख, एस्टिमेटमध्ये काय बदललं आणि का, आणि तो बदल अर्जदाराला कळवल्याची तारीख. शेवटचा रकाना भरल्याशिवाय तांत्रिक मान्यतेला फाइल पुढे जात नाही, निदान आमच्या टेबलावरून तरी. अडचण अशी येते की अर्जावर पत्ता असतो, फोन नसतो. पत्र पोहोचून उत्तर येईपर्यंत निविदेची तारीख निघून जाते. म्हणून आता अर्जाच्या नमुन्यातच एक ओळ आहे: रक्कम मर्यादेबाहेर गेल्यास आधी कोणती बाब कमी करावी. लोक ती व्यवस्थित भरतात. बहुतेक जण लांबी लिहितात.

त्या पदपथाचे दोन उतार वार्षिक दुरुस्तीच्या निविदेतून झाले. उठावाच्या फरशांची पट्टी राहिली आहे. ती नव्या सूचनेत आली आहे. संकेतस्थळावरचा २७० मात्र बरेच दिवस तसाच होता, कारण तक्ता दुरुस्त करण्यासाठी लागणारं पत्र कोणी कोणाला लिहायचं हे ठरत नव्हतं. आता तक्त्यात मोजमाप पुस्तिकेचा क्रमांक आणि पान यांचा रकाना आहे, आणि तो रिकामा असेल तर कामापुढे ‘पूर्ण’ असं लिहिता येत नाही.