बुसान: बंदराच्या बाजूचे चार दिवस

बुधवार

बुसानची सुरुवात मंगळवारी करू नये. जागालची मासळीबाजाराची मोठी इमारत महिन्याच्या पहिल्या आणि तिसऱ्या मंगळवारी बंद असते. म्हणून ही रोजनिशी बुधवारपासून.

सोलहून केटीएक्स ही वेगवान गाडी अडीच-पावणेतीन तासांत बुसान स्टेशनात आणून सोडते. बहुतेक प्रवासी तिथून थेट हेउन्देचा किनारा गाठतात. तो सुंदर आहे, पण शेवटी बघावा. बुसान स्टेशनहून मेट्रोच्या नारिंगी रंगाच्या १ नंबर लाइनवर जुंगआंग, नामपो, जागालची, तोसोंग अशी चार स्टेशनं ओळीने लागतात. पहिले दोन दिवस या चार स्टेशनांना द्यावेत, असं माझं ठाम मत आहे. १९५० ते १९५३ या कोरियन युद्धाच्या काळात बुसान दक्षिण कोरियाची तात्पुरती राजधानी होती. उत्तरेतून निघालेले निर्वासित पळत पळत इथवर आले आणि थांबले, कारण पुढे समुद्रच होता. आज बुसानची खासियत म्हणून जे आवडीने खाल्लं जातं, त्यातलं बरंचसं त्या वर्षांच्या टंचाईतून निघालेलं आहे. हे ठाऊक असलं की समोरचा वाडगा नुसता वाडगा राहत नाही.

आधी कार्डाचं. सीयू किंवा जीएस२५ या साखळीच्या कोणत्याही दुकानात टी-मनी हे मेट्रो-बसचं कार्ड मिळतं. ते भरायला रोख लागते, म्हणून दहा हजार वॉनच्या दोन-तीन नोटा खिशात असू द्याव्यात. हजार वॉन म्हणजे ढोबळमानाने साठ रुपये. जवळच्या अंतराला मेट्रोचं भाडं १,६०० वॉनच्या आसपास आहे. बसमध्ये चढताना कार्ड लावतात तसंच उतरतानाही लावायचं. ते विसरलं की अर्ध्या तासात दुसरं वाहन पकडल्यावर मिळणारी सवलत जाते. रस्ता शोधायला नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप हे अ‍ॅप वापरावं. चालायच्या रस्त्यासाठी गूगल मॅपच्या भरवशावर राहिलं की बोळांच्या भागात हमखास चुकायला होतं. आणि कोरियात ‘पहिला मजला’ म्हणजे आपला तळमजला. जागालचीत हे लक्षात ठेवावंच लागतं.

जागालची स्टेशन, १० नंबरचा दरवाजा. बाहेर पडल्यावर नाकच रस्ता दाखवतं. इमारतीच्या तळमजल्यावर जिवंत मासळीच्या टाक्या, वरच्या मजल्यावर खाणावळी. खाली मासा घ्यायचा, तो वर कापून येतो. घोळ इथेच होतो. सांगितलेला भाव किलोचा असतो आणि गिऱ्हाईकाला तो अख्ख्या माशाचा वाटतो. शिवाय वर बसायचे, म्हणजे पानं, लसूण आणि चटण्या मांडून देण्याचे, माणशी वेगळे पैसे पडतात. काट्या-डोक्याचा तिखट रस्सा, मेउनथांग, हवा असेल तर तो आणखी वेगळा. म्हणून बोट दाखवण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात: भाव किलोचा की नगाचा, मासा भरतो किती, आणि वर एकूण किती द्यायचे. ‘ओल्मायेयो?’ म्हणजे ‘केवढ्याला?’. विक्रेती कॅल्क्युलेटरवर आकडा दाखवते, तो फोनमध्ये टिपून मगच मान हलवावी. दोघांना एक मध्यम ग्वांगओ (चपटा मासा) किंवा उरोक (रॉकफिश) पुरतो.

कोरियात कच्चा मासा जिवंत कापून लगेच वाढतात, त्यामुळे तो मऊ नसतो, चिवट लागतो. लेट्यूसच्या किंवा क्केन्निपच्या (पेरिलाच्या) पानावर मासा, लसणाची चकती आणि थोडं स्सामजांग, म्हणजे सोयाबीनची दाट तिखट चटणी, ठेवून पुरचुंडी करायची आणि एका घासात खायची. चोजांग म्हणजे गोचुजांग (मिरचीचं आंबवलेलं वाटण) आणि व्हिनेगरची आंबट-गोड-तिखट चटणी. ती बेताने घ्यावी, नाहीतर तोंडात माशाऐवजी चटणीच राहते. सान्नाक्जी म्हणजे हलणारे ऑक्टोपसचे तुकडे. ते घेतलेच तर तिळाच्या तेलात बुडवून भरपूर चावावेत. त्यांच्या चोखण्या घशाला चिकटून माणूस गुदमरू शकतो, ही बढाई मारायची गोष्ट नाही.

कच्चं नको असेल त्यांनी इमारतीबाहेरच्या गल्लीत जावं. तिथे बायका मासे भाजत असतात. गालची म्हणजे आपली वाकटी, पण रुंद आणि चंदेरी. गोदुंगओ म्हणजे बांगड्याचा थोराड चुलतभाऊ, आणि बुसानने तर त्याला शहराचा मासा म्हणून मान दिलेला आहे. पोटाकडून चिरून पसरट करतात, मीठ लावतात आणि कातडी फुगून तडकेपर्यंत भाजतात. ना हळद, ना आगळ, ना रवा. चरबीच इतकी असते की मीठ पुरतं. सोबत भात, सूप आणि पाच-सहा वाट्या. रस्त्याच्या कडेला लाल टोपल्यांतून मासे मांडून बसलेल्या बायकांचा भाव टोपलीला असतो, आपल्याकडच्या वाट्यासारखा. या बाजाराची हाक बुसानच्या बोलीत आहे: ‘ओइसो, बोइसो, साइसो’. या, बघा, घ्या. भाऊच्या धक्क्यावर वाढलेल्या माणसाला तिचा अर्थ सांगावा लागणार नाही.

खाणावळीत वाढणाऱ्या बाईंना ‘इमो’ म्हणायचं. इमो म्हणजे आईची बहीण, शब्दशः मावशी. वयस्क बाईंना ही हाक चालते. मुलगी तरुण असेल तर ‘योगियो’ (‘इकडे!’) एवढंच बरं. चमचे-चॉपस्टिक टेबलाच्या बाजूच्या खणात असतात, पाणी बऱ्याच ठिकाणी आपलं आपण घ्यायचं, टिप द्यायची नसते.

गुरुवार

सकाळी तोसोंगहून छोट्या बसने डोंगरावर, गामचोनला. शक्यतो दहाच्या आत पोहोचावं, नंतर ‘द लिटल प्रिन्स’ पुस्तकातल्या छोट्या राजपुत्राच्या पुतळ्याशी फोटोची लांब रांग लागते. माहिती केंद्रात २,००० वॉनला नकाशा मिळतो, ठिकठिकाणी त्यावर शिक्के मारायचे. युद्धानंतर निर्वासितांनी, त्यातही तेगुकदो पंथाच्या अनुयायांनी, ही वस्ती उभी केली. रंग आणि चित्रं २००९ पासूनची. उतारावर घरांच्या ओळी अशा आहेत की पुढचं घर मागच्याचा उजेड अडवत नाही. माणसं अजून इथे राहतात, म्हणून खिडकीत कॅमेरा घालू नये आणि संध्याकाळच्या आत परतावं.

पण गामचोनच्या आधीच्या चढावर आमी-दोंग लागतं, आणि माझ्या मते ते जास्त महत्त्वाचं. जपानी राजवटीत इथे जपानी लोकांची दफनभूमी होती. निर्वासितांना जागा मिळाली ती हीच. थडग्यांचे दगड त्यांनी घरांच्या जोत्यात घातले, पायऱ्यांना लावले, भिंतींना आधार म्हणून वापरले. आजही बोळातून जाताना एखाद्या जोत्यात घोटीव ग्रॅनाइट दिसतो. जवळ वाकलं की त्यावर कोरलेली अक्षरं वाचता येतात, कुणाचं तरी नाव आणि वर्ष. वरच्या दोरीवर कपडे वाळत असतात. इथे हळू बोलावं, हळू चालावं.

दुपारी खाली उतरून मिलम्योन. उत्तरेकडच्या लोकांचं आवडतं नेंगम्योन म्हणजे बकव्हीटच्या (कुट्टूच्या) थंड शेवया, आणि बुसानला बकव्हीट मिळेना. मदतीत आलेला गव्हाचा मैदा मात्र होता. त्याच्या शेवया करून थंड रश्श्यात सोडल्या, ते मिलम्योन. ‘मिल’ म्हणजे गहू. ‘मुल’ हे रश्श्यातलं, ‘बिबिम’ हे तिखट चटणीतलं. पहिल्यांदा मुल घ्यावं. आधी गरम युकसू म्हणजे मांसाचं पाणी पेल्यात येतं, ते पिऊन घ्यावं. मग थंड रस्सा नुसता चाखायचा. त्यानंतर व्हिनेगरची एक धार, मोहरीच्या चटणीचे दोन-तीन थेंब. शेवया लांब आणि चिवट असतात, कात्रीने एकदाच उभा छेद द्यायचा. चार-चार वेळा कापल्या की तुकडे रश्श्यात बुडून बसतात आणि चॉपस्टिकला लागत नाहीत.

शाकाहाऱ्यांसाठी हे पान वेगळं लिहायला हवं, कारण इथे फसगत दिसत नाही अशा ठिकाणी असते. भाजीचं दिसणारं सूप म्योलची, म्हणजे सुक्या बारीक मासळीच्या पाण्यात केलेलं असतं. त्तोकबोक्कीचा, म्हणजे तांदळाच्या चिवट वड्यांचा, लाल रस्साही बहुधा तसाच. किमचीत, म्हणजे कोबीच्या आंबवलेल्या लोणच्यात, सेउजोत किंवा एकजोत असतं. पहिलं खारवलेलं बारीक कोळंबीचं, दुसरं माशाचं पाणी. बिबिम्बाप, म्हणजे भाज्या घालून कालवायचा भात, मागताना ‘गोगीरांग ग्येरान प्पे जुसेयो’ म्हणजे मांस आणि अंडं वगळा, असं सांगावं. त्यातही गोचुजांग कधीकधी गोमांसाचा खिमा घालून परतलेलं असतं, तेव्हा साधं वेगळ्या वाटीत मागावं. गोमांस ‘सोगोगी’, डुकराचं ‘द्वेजीगोगी’. हे दोन शब्द पाठ असावेत. भोपळ्याची खीर होबाकजुक, भाजलेलं रताळं, तांदळाचं त्तोक, फळं, हे निर्धास्त.

संध्याकाळी बोसू-दोंगची पुस्तकगल्ली. युद्धकाळात अमेरिकी तळांवरून आलेली जुनी मासिकं आणि पुस्तकं विकून ती सुरू झाली. दुकानं अरुंद, थप्प्या डोक्याच्या वर. मधलं पुस्तक ओढू नये, दुकानदाराला सांगावं. पलीकडे बुप्योंगचा क्कांगथोंग बाजार. ‘क्कांगथोंग’ म्हणजे पत्र्याचा डबा. लष्कराचे डबाबंद पदार्थ इथे विकले जायचे, म्हणून हे नाव. रात्रीचा बाजार साडेसातच्या सुमाराला लागतो. आठच्या आधी जावं, नंतर गल्लीत खांद्याला खांदा लागतो.

जवळच बिफ (बुसानचा चित्रपट महोत्सव) चौकात स्सियात होत्तोक. चिकट तांदळाचं पीठ मिसळलेल्या कणकेच्या गोळ्यात साखर आणि दालचिनी भरतात, भरपूर तेल-लोण्यात दाबून चपटा तळतात. मग कात्रीने कड चिरून आत सूर्यफुलाच्या आणि भोपळ्याच्या बिया, शेंगदाणे चमचाभर ओततात आणि कागदी पेल्यात उभा देतात. आतली साखर उकळत्या पाकासारखी असते. चिरलेली बाजू वर धरून, मिनिटभर थांबून, कडेने खावं. घाईत मधोमध चावलं की पाक हनुवटीवर येतो आणि भाजतं. एमुक म्हणजे माशाच्या लगद्याची काडीला टोचलेली घडी. काड्या फेकू नयेत, शेवटी त्या मोजूनच पैसे घेतात. सोबतचा गरम रस्सा पेल्यातून फुकट.

शुक्रवार

सकाळचं द्वेजी गुकबाप सोम्योन भागात. डुकराच्या हाडांचा पांढरट रस्सा, पातळ चकत्या आणि भात. तो मुद्दाम अळणी येतो आणि पुष्कळजण तसाच पिऊन ‘चव नाही’ म्हणतात. पहिला चमचा नुसता घ्यावा. मग सेउजोत अर्धा चमचा. ती आपल्या जवळ्याच्याच जातीची कोळंबी, मिठात मुरवलेली, त्यामुळे मीठ वेगळं लागत नाही. मग मूठभर जोंगगुजी, म्हणजे लसणीच्या वासाची पात. बाकीचा देश तिला बुचू म्हणतो. लाल तादेगी (मिरचीचं वाटण) बऱ्याचदा आधीच तळाशी असते, ढवळण्यापूर्वी पाहून जास्तीची काढावी. भात वेगळा हवा तर ‘त्तारो’ मागावं. दहा हजार वॉनच्या आत-बाहेर पोट गच्च भरतं. भाजलेल्या मांसाच्या दुकानात मात्र एकट्याची अडचण होते, बहुतेक ठिकाणी कमीत कमी दोन ‘इन्बुन’, म्हणजे दोन माणसांचं, घ्यावं लागतं.

खरेदीसाठी सोम्योनचा आणि नामपोचा भुयारी बाजार. कपडे बहुधा एकाच मापाचे असतात, घालून बघू देत नाहीत आणि बदलूनही देत नाहीत. घरून आपल्या अंगाला नीट बसणाऱ्या सदऱ्याचं खांद्याचं आणि छातीचं माप सेंटिमीटरमध्ये लिहून न्यावं. करपरतीची पाटी असलेल्या दुकानात १५,००० वॉनच्या पुढच्या खरेदीवर पासपोर्ट दाखवून कर परत मिळतो, बऱ्याच मोठ्या दुकानांत तिथल्या तिथे वजा होतो. पासपोर्टचा फोटो चालेल असं धरून जाऊ नये.

शनिवार

रात्रीचं आधी. ग्वांगअल्लीच्या किनाऱ्यावर दर शनिवारी ड्रोनचा खेळ असतो. मार्च ते सप्टेंबर आठ आणि दहा वाजता, ऑक्टोबर ते फेब्रुवारी सात आणि नऊला. वारा असला की रद्द होतो, म्हणून दुपारीच सूचना बघावी. खेळ संपल्यावर ग्वांगआन स्टेशनकडे सगळे धावतात, गुम्न्योनसान स्टेशनही तेवढंच जवळ आहे.

दुपारी दोनला योंगदो पूल. १९३४ चा उचलता पूल, आता शनिवारी तेवढ्यापुरता उघडतो. नामपोच्या बाजूला पावणेदोनला उभं राहावं. भोंगा वाजतो, गाड्या थांबतात आणि रस्त्याचा तुकडा पांढऱ्या पट्ट्यांसकट आभाळाकडे उभा होतो. ‘चुकामूक झाली तर योंगदो पुलावर भेटू’ असं सांगून युद्धात कुटुंबं निघाली होती. लोक इथे येऊन दिवसेंदिवस वाट बघत बसायचे. पुलाखाली ज्योतिषी बसत, आपलं माणूस जिवंत आहे का, एवढं विचारायला त्यांच्याकडे रांग लागे.

पूल खाली बसला की पाण्याच्या कडेने सुक्या मासळीच्या बाजारात जाता येतं. म्योलची आकारावरून निवडायची: बारीक परतायला, मोठी रश्श्याच्या पाण्याला. मोठीचं डोकं आणि पोटातला काळा भाग काढूनच उकळावी, नाहीतर रस्सा कडू होतो. चाखायला मागितली तर देतात. रंग चंदेरी हवा, पिवळट झालेली जुनी. भाजून तेल लावलेलं गिम (वाळवलेलं समुद्रशेवाळ) कोकणातल्या दमट हवेत लवकर खवट होतं, म्हणून न भाजलेलं घ्यावं आणि घरी तव्यावर फिरवावं. गोचुजांग आणि किमची हातातल्या बॅगेत चालत नाहीत. सामानात टाकताना किमचीला दोन पिशव्या आणि भोवती मोकळी जागा ठेवावी, वाटेत ती फुगते.