नऊ दिवस आणि चार मिलिमीटर: थ्रॉटल बॉडी मोठी केल्याचा माझा अनुभव

‘साहेब, स्कॅनरवाला चार वाजता येतोय.’ नाशिकच्या मुंबई नाक्याजवळच्या एका गॅरेजात हे वाक्य मी नऊ दिवस ऐकलं. गॅरेजचं नाव लिहीत नाही, पण राग अजून गेलेला नाही.

माझी गाडी साधी आहे. ११९७ सीसी पेट्रोल हॅचबॅक, लाखभर किलोमीटर झालेली. कसारा घाट चढताना तिसऱ्या गिअरला दमते, एवढीच माझी तक्रार. मित्र म्हणाला, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा फ्लॅपने कमी-जास्त करणारी नळी) मोठी टाक, इंजिन मोकळा श्वास घेईल. पटलं. मूळची बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, व्हर्नियरने मोजली तर ४६ मिमी. त्याच बोल्ट पॅटर्नची ५० मिमीची जुन्या मालात साडेचार हजाराला मिळाली. कागदावर हिशोब केला: क्षेत्रफळ १८ टक्क्यांनी जास्त. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही, खरंच सांगतो.

बसवायला तासभर लागला. चार बोल्ट, एक कनेक्टर, एक पाइप. गाडी सुरू केली आणि आरपीएम १८०० वर. मग ११०० वर. मग परत १८०० वर. चेक लाइट लागला. संध्याकाळी गंगापूर नाक्याच्या सिग्नलला बायको म्हणाली, ‘अहो, ही उभ्या उभ्या धापा का टाकतेय?’

मेस्त्री म्हणाला, बॅटरीची वायर काढून ठेवा, ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जुनं सगळं विसरेल. रात्रभर काढून ठेवली. सकाळी रेडिओची स्टेशनं तेवढी विसरली, आयडलिंग (उभ्या गाडीत पेडल न दाबता इंजिन चालणं) तसंच. मग म्हणाला, हे ईसीयूला जोडायच्या स्कॅनरनेच होईल, आणि स्कॅनर असलेला माणूस तीन-चार गॅरेजं फिरतो. गाडी इथेच ठेवून जा.

पहिल्या दिवशी तो सातपूरला अडकला होता. दुसऱ्या दिवशी आला, पण माझ्या गाडीची वायर आणायला विसरला. तिसऱ्या दिवशी गॅरेजला सुट्टी होती, हे मला रिक्षाचे पैसे देऊन झाल्यावर कळलं. पुढचे चार दिवस फोनवर ‘चार वाजता’. आठव्या दिवशी मी साडेतीनलाच जाऊन बसलो. टायरवर बसून दोन चहा झाले. बॉनेटवर धूळ इतकी साचली होती की कोणीतरी बोटाने बाण आणि बदाम काढून ठेवला होता. सहा वाजता पोऱ्या म्हणाला, ‘उद्या पक्का, सर.’ मी काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

नवव्या दिवशी तो आला. कोड निघाला पी०५०७, म्हणजे आयडल आरपीएम असायला हवा त्यापेक्षा जास्त. कारण त्यानेच समजावलं. फ्लॅप बंद असला तरी थोडी फट राहते, आणि त्या फटीतून किती हवा येते हे ईसीयूला पाठ असतं. बोअर मोठी केली की तेवढ्याच कोनात जास्त हवा शिरते आणि त्याचं गणित चुकतं. त्याने आयडल लर्निंग चालवलं, म्हणजे ईसीयूला ती हवा नव्याने शिकवली. पेडलला हात नाही, पाय नाही, एसी बंद, रेडिएटरचा पंखा एकदा लागून थांबेपर्यंत गाडी नुसती चालू. अकरा मिनिटं. आरपीएम ८५० वर येऊन थांबला. नऊ दिवस आणि अकरा मिनिटं! आठशे रुपये त्याचे, दीड हजार मेस्त्रीचे.

जाता जाता त्याने विचारलं, ‘जुन्या बॉडीवर फुल रेसला मॅप किती होता?’ मी कधी बघितलाच नव्हता.

खरं तर सगळ्यात आधी हेच बघायचं होतं. मॅप सेन्सर थ्रॉटलच्या आतल्या बाजूचा दाब सांगतो. इंजिन बंद, चावी चालू ठेवली की बाहेरच्या हवेचा दाब दिसतो. नाशिक साधारण ६०० मीटर उंचीवर असल्याने माझ्याकडे तो ९४ किलोपास्कल आला. मुंबईत १०१ च्या आसपास येईल. आता पेडल पूर्ण दाबून वरच्या आरपीएमला तोच आकडा बघायचा. तो बाहेरच्या दाबापेक्षा बराच खाली गेला तर वाट अरुंद आहे. मात्र त्यात मळलेला एअर फिल्टरही धरला जातो, म्हणून फिल्टर आधी बदला.

मी ब्लूटूथचा छोटा स्कॅनर घेतला (तो वाचतो, लर्निंग करत नाही, दुकानदाराचं ऐकू नका) आणि रविवारी पहाटे रिकाम्या त्र्यंबक रोडला, शेजारी भाच्याला आकडे लिहायला बसवून, दुसऱ्या गिअरमध्ये ५००० पर्यंत नेली. नव्या बॉडीवर ९३. पुढच्या रविवारी जुनी परत लावून ९२. मिळण्यासारखे मुळात दोनच होते, त्यातला एक मिळाला. म्हणजे ताकदीत जेमतेम एक टक्का. शिवाय थ्रॉटलनंतर हवा सिलिंडरांत वाटणारा माझा मॅनिफोल्ड प्लास्टिकचा, त्याचं तोंड ४६ मिमीचंच. ५० मधून आलेली हवा लगेच दोन मिलिमीटरच्या पायरीवर आपटत होती, हे मी बसवताना बघूनही न बघितल्यासारखं केलं होतं.

पिकअप वाढल्यासारखं मात्र वाटतं, आणि लोक तिथेच फसतात. पाव पेडलला आधीपेक्षा जास्त हवा मिळते म्हणून गाडी उडी मारते. पेडल पूर्ण दाबल्यावर ती उडी संपते. मलाही पहिले दोन दिवस घाट सोपा वाटला होता.

कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलला असेल, हेड पोर्टिंग (इंजिनातल्या हवेच्या वाटा घासून मोठ्या करणं) केलं असेल, टर्बो बसवला असेल किंवा इंजिन खूप वर फिरवायचं असेल, तर मोठ्या बॉडीला अर्थ आहे. तिथे जुनं तोंड खरंच कमी पडतं. माझ्यासारख्या स्टॉक, म्हणजे कंपनीतून आलं तसंच असलेल्या, इंजिनाला नाही. जुनी परत बसवण्याआधी ती क्लीनरने धुतली, फ्लॅपच्या कडेला काळा चिकट थर होता. त्या साफसफाईने गाडी जास्त सुधारली. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल असेल तर चावी चालू ठेवून फ्लॅपला बोट लावू नका, मोटर अचानक फिरते. आणि धुतल्यावर परत लर्निंग लागू शकतं, त्यामुळे स्कॅनरवाल्याचा नंबर मेस्त्रीकडे नको, स्वतःकडे ठेवा.

हो, गॅस्केट दोन घ्या. मी एकच घेतलं होतं. जुनी बॉडी परत लावताना दुसरं शोधण्यात अख्खा शनिवार नाशिकच्याच द्वारका भागात गेला.